यंत्राच्या हवाली केलेला श्वास

संपूर्ण भूल दिलेल्या माणसाने आपल्या देहाचे मुखत्यारपत्र काही तासांपुरते दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. स्नायू शिथिल करणारे औषध शिरेत गेले की पापणी हलत नाही, बोट हलत नाही, आणि ज्या क्रियेकडे जन्मापासून कधी लक्ष द्यावे लागले नव्हते ती श्वसनाची क्रियाही थांबते. तेथून पुढचा प्रत्येक श्वास कोणी दिला तरच मिळतो. पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत हा श्वास बहुधा हाताने दिला जाई. आज तो यंत्र देते, औषधाची धार यंत्र मोजते, रक्तदाब यंत्र घेते, आणि मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत तर शल्यचिकित्सकाच्या बोटांची हालचालही यंत्रामार्फतच रुग्णाच्या पोटात पोहोचते. या व्यवस्थेने असंख्य जीव वाचले आहेत, ही गोष्ट आरंभीच निःसंदिग्धपणे नमूद केली पाहिजे. तथापि जी कामे आपण यंत्राच्या हवाली केली त्यांच्याबरोबर आणखी काय हवाली होऊन गेले, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेल्या भूलशास्त्रातील रुग्णसुरक्षा प्रतिष्ठानाच्या वार्तापत्रात सुमारे वीस वर्षांपूर्वी एक प्रसंग छापून आला होता. बत्तीस वर्षांच्या एका स्त्रीचे पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची शस्त्रक्रिया चालू होती. मध्येच क्ष-किरण चित्र घ्यायचे ठरले, आणि छाती स्थिर राहावी म्हणून भूलतज्ज्ञाने श्वसनयंत्र बंद केले. हा नित्याचा शिरस्ता आहे, त्यात वावगे काही नाही. चित्र निघाले, परंतु टेबलाखाली सरकवलेली फिल्म तंत्रज्ञाला बाहेर काढता येईना. भूलतज्ज्ञ त्याच्या मदतीला गेला, तर टेबलाचे दाते अडकून बसलेले. खटपटीअंती फिल्म निघाली, शस्त्रक्रिया पुढे सुरू झाली, आणि काही वेळाने भूलतज्ज्ञाची नजर हृदयालेखाकडे गेली तेव्हा हृदयाची गती अतिशय मंदावलेली होती. श्वसनयंत्र पुन्हा सुरू करायचे राहून गेले होते. ती स्त्री वाचली नाही.

या प्रसंगात श्वसनयंत्र बिघडले नव्हते. थांब म्हटल्यावर ते थांबले, आणि सुरू हो असे कोणी म्हटले नाही म्हणून थांबून राहिले. चौकशीच्या कागदांत अशा घटनेपुढे 'मानवी चूक' हे दोन शब्द लिहिले जातात आणि दप्तर बंद होते. मला हा निवाडा अपुरा वाटतो. स्वतःच्या हाताने श्वास देणारा माणूस जेव्हा थांबतो तेव्हा त्याचा हात रिकामा होतो, आणि तो रिकामा हातच त्याला राहिलेल्या कामाची आठवण करून देतो. यंत्राने हाताचे श्रम घेतले ते योग्यच केले. परंतु हाताला जी वार्ता अखंड मिळत होती तीही त्याबरोबर निघून गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणती वार्ता द्यायची याचा विचार, निदान त्या यंत्रापुरता, पुरेसा झाला नव्हता.

ही वार्ता म्हणजे काय, हे पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञ बाईंनी मला दाखवले. शस्त्रक्रिया हर्नियाची होती. कृत्रिम श्वसनयंत्राची कळ त्यांनी मुद्दाम हाताच्या बाजूला फिरवून ठेवली होती आणि काळ्या रबरी पिशवीवर पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीची बोटे होती. "पडद्याकडे बघू नकोस. काय लागतंय हाताला ते सांग," बाई म्हणाल्या. मुलगी थोडी थांबून म्हणाली, "मॅडम, जरा घट्ट लागतंय. मघाशी एवढं नव्हतं." "मग कारण शोध. ट्यूब वाकलीय का, की औषधाचा जोर उतरतोय?" मुलीने नळीवरून बोटे फिरवली, तोंडाच्या कोपऱ्याशी चिकटपट्टीजवळ नळी थोडी मुडपली होती. ती सरळ होताच पिशवी पुन्हा मऊ झाली. पडद्यावरचा दाबाचा आकडा या सगळ्या अवधीत वाढला होता खरा, पण धोक्याच्या रेषेखालीच होता, म्हणून यंत्र गप्प होते.

हाताचे हे ज्ञान जुने आहे. जोसेफ क्लोव्हर हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज भूलतज्ज्ञ रुग्णाच्या नाडीवरचे बोट न उचलता क्लोरोफॉर्म देत असे, आणि त्याच अवस्थेतील त्याचे छायाचित्र भूलशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हाताच्या मर्यादाही तितक्याच जुन्या आहेत. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबून रुग्ण जगवले. मानवी हाताचा एवढा मोठा गौरव वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. पण हात थकतो, आणि यंत्र थकत नाही, ही गोष्टही त्याच साथीने युरोपला शिकवली. पुढील काळात श्वसनयंत्रांचा प्रसार झाला तो या अनुभवामागोमाग, आणि तो झाला हे मानवजातीचे भाग्य होय.

मात्र यंत्र कसे घडवले यावर बरेच अवलंबून असते. भूलयंत्रातील भात्याचेच उदाहरण घ्या. काचेच्या नळकांड्यात घड्या असलेली रबरी पिशवी खालीवर होत असते. जुन्या काही यंत्रांत हा भाता वरून टांगलेला असे आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरून भरे. रुग्णाची नळी सुटली तरी तो खोलीतील हवा ओढून घेऊन पूर्वीसारखाच डौलाने वरखाली होत राही. पाहणाऱ्याला वाटे, सर्व क्षेम आहे. पुढे भाता उलटा केला: तळाशी बसवला, भरताना वर चढणारा. आता नळी सुटली की तो चढूच शकत नाही, कोसळून तळाशी पडून राहतो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मावशींनाही दिसते की काही तरी बिनसले आहे. यासाठी संगणक लागला नाही, घंटा लागली नाही; पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणालाच पहाऱ्यावर बसवले गेले. मी पाहिलेल्या सुरक्षायोजनांत इतकी स्वच्छ कल्पना दुसरी नाही.

नळी सुटणे ही क्षुल्लक बाब नव्हती. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जेफ्री कूपर नावाचा एक अभियंता, जो स्वतः वैद्य नव्हता, भूलतज्ज्ञांच्या मुलाखती घेऊ लागला. विमानदलात अपघात थोडक्यात टळल्याच्या हकिकती गोळा करण्याची जी पद्धत होती तीच त्याने शस्त्रक्रियागृहात आणली. १९७८ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी टाळता येण्याजोग्या ३५९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत साधनाचा उघड बिघाड अवघ्या १४ टक्के घटनांत होता. ८२ टक्के घटनांत माणसाची चूक होती, आणि श्वसनमार्गाची नळी सुटणे हा त्यांतील वारंवार आढळणारा प्रकार होता. हे आकडे घाईने वाचणारा म्हणेल की यंत्रे निर्दोष आहेत, माणसेच सुधारली पाहिजेत. कूपरने तसा अर्थ लावला नाही. इतकी कुशल माणसे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळत असतील तर त्या ठिकाणाची रचना तपासली पाहिजे, असा त्याच्या कामाचा रोख होता. १९८६ साली हार्वर्डशी संलग्न नऊ रुग्णालयांसाठी भूल देतानाच्या देखरेखीचे किमान नियम प्रसिद्ध झाले. त्यांत नळी सुटल्याची सूचना देणारी घंटा होती, प्राणवायूचे प्रमाण मोजणारे साधन होते. आणि या सर्वांच्या जोडीला एक अट अशी होती की संपूर्ण काळ भूलतज्ज्ञाने जातीने खोलीत हजर असले पाहिजे. ही अट नियम म्हणून लिहावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

त्याच सुमारास एक छोटे साधन जगभर पसरले. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालणारा हा चिमटा बोटाला लावला की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण कळते. करोनाच्या साथीत तो महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. शस्त्रक्रियागृहातील या यंत्राला एक असा गुण दिलेला आहे जो घरच्या चिमट्याला नसतो: नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते एक स्वर काढते, आणि प्राणवायू घटू लागला की तो स्वर खाली उतरत जातो. पडद्याकडे पाठ करून शिरेत सुई घालणारा भूलतज्ज्ञ, शेजारी केसपेपर लिहिणारी सिस्टर, पोटात हात घातलेला सर्जन, सर्वांचे कान त्या स्वराला इतके सरावलेले असतात की तो दोन पायऱ्या उतरला तरी बोलणे आपोआप थांबते. श्रम यंत्राने घेतले, पण वार्ता माणसाला अखंड देत राहिले. उलटा भाता आणि हा उतरता स्वर यांच्यातील साम्य ते हेच.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा प्रसंग अमेरिकेतील हृदयशस्त्रक्रियेच्या एका खोलीत घडला. रिचर्ड कुक हा भूलतज्ज्ञ आणि डेव्हिड वुड्स हा मानवी आकलनाचा अभ्यासक, या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईने नोंदवून ठेवला आहे. औषधाच्या थेंबांचे नियंत्रण करणारी पाच स्वयंचलित साधने सकाळीच मांडून ठेवली होती. छातीचे हाड कापताना वरचा रक्तदाब १६० च्या पुढे गेला म्हणून त्यांतील एकातून नायट्रोप्रुसाइड हे अतिशय तीव्र औषध मिनिटाला दहा थेंब या वेगाने सुरू करण्यात आले. साधन ओरडू लागले. नळी तपासली तेव्हा तिची एक तोटी बंद आढळली. ती उघडून साधन पुन्हा सुरू केले. ते पुन्हा ओरडले. एव्हाना रक्तदाब उतरू लागला होता, म्हणून साधन बंद करण्यात आले. तरीही तो उतरतच राहिला, साठच्या खाली गेला. सलाइनला त्याने दाद दिली नाही, रक्तदाब चढवणारी औषधे वारंवार द्यावी लागली, आणि रुग्णाला तातडीने हृदय-फुप्फुस यंत्रावर घ्यावे लागले. नंतर कोणाचे तरी लक्ष वर टांगलेल्या पिशवीकडे गेले. अडीचशे मिलिलिटर द्रावणात पन्नास मिलिग्रॅम औषध असलेली ती भरलेली पिशवी पार रिकामी झाली होती.

साधन बंद केले म्हणजे औषध बंद झाले, असे तेथे उभ्या असलेल्या अनुभवी माणसांनी गृहीत धरले. आणि गृहीत का धरू नये? साधन ओरडत होते, परंतु काय बिनसले आहे हे सांगत नव्हते, आणि पिशवीतून नळीत, नळीतून शिरेत प्रत्यक्ष काय चालले आहे हे दाखवण्याची कसलीही सोय त्यात नव्हती. साध्या सलाइनला थेंब डोळ्यांना दिसतो, चाकाची गुंडी अंगठ्याला लागते. येथे थेंब साधनाच्या पोटात गेला आणि माणसाच्या वाट्याला केवळ कर्कश आवाज उरला.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर जो निबंध लिहिला तो कारखाने आणि विमाने यांना अनुलक्षून होता. पण शस्त्रक्रियागृहाला तो शब्दशः लागू पडतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्र घडवणारा सोपी कामे यंत्राकडे देतो आणि ज्यांचे काय करायचे हे त्याला उमगत नाही ती माणसासाठी ठेवतो. माणसाचा रोजचा सराव सुटतो. आणि ज्या क्षणी यंत्र हात टेकते त्या क्षणी, म्हणजे परिस्थिती सर्वांत बिकट झालेली असताना, तोच सराव सुटलेला माणूस सर्वाधिक कौशल्य दाखवील अशी अपेक्षा केली जाते. शिवाय मधल्या काळात त्याने काय करायचे, तर लक्ष ठेवायचे. नॉर्मन मॅकवर्थने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवरील सैनिकांच्या संदर्भात प्रयोग करून दाखवले होते की क्वचितच घडणाऱ्या गोष्टीवर डोळा ठेवून बसलेल्या माणसाचे लक्ष अर्ध्या तासात ढळू लागते. वर्षानुवर्षे चोरी न झालेल्या वाड्याच्या देवडीवर बसवलेल्या पहारेकऱ्याला आपण झोपेबद्दल दोष देतो, पण त्याच्यावर सोपवलेले काम मनुष्यस्वभावाच्याच विरुद्ध आहे हे लक्षात घेत नाही.

यावर उपाय म्हणून घंटा वाढवल्या गेल्या, आणि घंटांनीच नवे संकट उभे केले. रक्तदाबाचा पट्टा ज्या दंडावर फुगतो त्याच हाताच्या बोटाला चिमटा असेल तर दर पाच मिनिटांनी रक्तप्रवाह अडतो आणि प्राणवायू घटल्याचा खोटा इशारा होतो. ऊती डागणारी विजेची कॉटरी चालू झाली की हृदयालेखाच्या रेषा विस्कटतात आणि दुसरा खोटा इशारा होतो. तासाभरात माणसाचा हात आवाज बंद करण्याच्या कळीकडे आपोआप जाऊ लागतो, डोके तेथे नसतानाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त आयोगाकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात इशारेघंटांशी संबंधित ९८ गंभीर घटनांची नोंद झाली, आणि त्यांतील ८० मध्ये रुग्ण दगावला होता. या घटना सबंध रुग्णालयांतील आहेत, केवळ शस्त्रक्रियागृहातील नव्हेत; पण कारणांची जात तीच.

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी आपल्याकडे सध्या वृत्तपत्रांच्या पानभर जाहिराती येतात. त्यांचे लाभ खरे आहेत. प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी बारीक हत्यार जितके वळते तितके मनगट वळत नाही. परंतु २००० ते २०१३ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या १०,६२४ अहवालांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत १४४ मृत्यू, १,३९१ इजा आणि साधनाच्या बिघाडाच्या ८,०६१ घटना आढळल्या. लक्षावधी शस्त्रक्रियांच्या मानाने हे प्रमाण अल्प म्हणता येईल, आणि प्रत्येक मृत्यूला यंत्रच कारण होते असेही त्या अहवालांवरून सिद्ध होत नाही. मला चिंता वाटते ती बिघाडांच्या स्वरूपाची: हत्याराचे तुकडे पोटात पडणे, विजेची ठिणगी भलत्याच ऊतीवर उडणे, हत्याराने न सांगता हालचाल करणे. अगदी अलीकडची काही साधने सोडली तर ऊतीचा ताण शल्यचिकित्सकाच्या बोटांना कळतच नाही. तो रुग्णापासून काही हात दूर, नियंत्रणयंत्रात डोके खुपसून बसलेला असतो, आणि जे डोळ्यांना दिसेल तेवढेच त्याला ठाऊक. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०१५ साली यंत्रमानवाने हृदयाची झडप दुरुस्त करण्याचा त्या देशातील पहिला प्रयत्न झाला. कॅमेऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडून दिसेनासे झाले, मार्गदर्शनासाठी आलेले दोघे तज्ज्ञ शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना निघून गेले होते, आणि रुग्ण पुढे दगावला. २०१८ मधील न्यायचौकशीत असा निष्कर्ष निघाला की जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली असती तर तो बहुधा वाचला असता. नवे यंत्र शिकण्याची किंमत रुग्णाने मोजावी, आणि तीही त्याला पुरती कल्पना नसताना, हे मला कोणत्याही सबबीवर मान्य होण्यासारखे नाही.

आपल्याकडील प्रश्न याहून प्राथमिक आहे. २०१६ साली इंदूरच्या मोठ्या शासकीय रुग्णालयात नव्याने सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात प्राणवायूच्या नळातून नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू आला आणि दोन बालके दगावली. प्राणवायूचे प्रमाण मोजणारे साधन चालू नसेल तर भिंतीमागच्या जोडणीतील चूक भूलयंत्राला कळत नाही; नायट्रसला प्राणवायूशी साखळीने जखडून ठेवणारी यंत्रातील योजनाही येथे निरुपयोगी, कारण ती दोन गुंड्यांना ओळखते, वायूंना नव्हे. अशा वेळी चिमट्याचा स्वर उतरू लागला की शिकलेला हात प्राणवायूची गुंडी अधिक उघडतो, आणि त्यामुळे विषच अधिक जाते. खरा उपाय राखीव सिलिंडर उघडून भिंतीची नळी काढून टाकण्याचा आहे, आणि दोन्ही गोष्टी कराव्या लागतात, कारण नळातील दाब सिलिंडरमागून येणाऱ्या दाबापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो व नळी जोडलेली असेल तोवर यंत्र भिंतीतूनच ओढत राहते. हे मला सांगणारे विदर्भातील एक भूलतज्ज्ञ रोज सकाळी पहिली केस घेण्याआधी स्वतः सिलिंडरची चावी फिरवून पाहतात आणि हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबून पाहतात, मग यंत्राची स्वयंचलित तपासणी लावतात. "मशीन स्वतःची तपासणी करतं हो, पण अंबू बॅग कपाटात आहे की नाही, हे त्याला काय माहीत?" अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या २००८ च्या तपासणीसूचीतही या दोन वस्तू सर्वांत आधी येतात.

सूचीचा विषय निघाला म्हणजे अतुल गावंडे यांचे नाव येतेच. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली २००८ साली तयार झालेली एकोणीस कलमांची सूची दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. भूलयंत्राची तपासणी झाली का, हे त्या सूचीतील एक कलम. पण एका मोठ्या खासगी रुग्णालयातील सिस्टर मला म्हणाल्या की घाईच्या दिवशी सगळ्या चौकटींत खुणा रुग्ण टेबलावर येण्याआधीच झालेल्या असतात. माणसाने सुचवलेला सर्वांत मानवी उपायही असा यांत्रिक होऊ शकतो, आणि मग तो धोकादायकच होतो, कारण कागद सुरक्षिततेची ग्वाही देत राहतो.

वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या अपायांच्या नोंदीसाठी आपल्या देशात ६ जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स योजना अस्तित्वात आहे. तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्या भूलतज्ज्ञांपैकी बहुतेकांना योजना ठाऊक होती, आणि नोंद मात्र त्यांनी केलेली नव्हती. यंत्र अडले की वार्षिक देखभालीचा करार असलेल्या कंपनीचा माणूस बोलावतात, तो सुटा भाग बदलतो, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतो. हकिकत तेथेच संपते आणि शेजारच्या जिल्ह्यातील तेच यंत्र त्याच खोडीसह चालू राहते. तक्रार केली तर आपल्यावरच शेकेल ही धास्ती त्यामागे आहे, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

खरेदीच्या वेळीच बरेच काही साधता येईल. एका जिल्हा रुग्णालयाची भूलयंत्रांची निविदा मी वाचली: पडद्याची रुंदी इंचांत दिली होती, श्वसनाचे किती प्रकार हवेत याची यादी होती, रंगाचाही उल्लेख होता. खरी गरज होती ती वेगळ्याच कलमांची. श्वसन थांबवल्यावर ठराविक अवधीनंतर यंत्र आपोआप सुरू व्हावे, निदान ओरडावे. वीज गेल्यास राखीव बॅटरी किती मिनिटे टिकेल याची चाचणी स्वीकृतीच्या वेळी भूलतज्ज्ञासमोर व्हावी. नवा नळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येक तोटीवर प्राणवायूचे प्रमाण मोजून लेखी दाखला द्यावा. आणि जे यंत्र वापरणार त्यांच्यापैकी एकाची तरी खरेदीसमितीवर नेमणूक असावी. यांपैकी एकही कलम त्या निविदेत नव्हते. समितीच्या लिपिकांना मी याबद्दल विचारले. त्यांनी फाइल उलटून पाहिली आणि सांगितले की मागच्या निविदेचा मसुदाच पुढे चालवला जातो, नवे कलम घालायचे तर विभागप्रमुखांचे पत्र लागते. पत्र द्यायला भूलशास्त्र विभागाचे प्रमुख तयार होते; त्यांना कोणी विचारलेच नव्हते.